छताकडे वळवलेला आरसा

वरठीच्या रस्त्यावर सायकलवाला पडला, त्याचा दोष माझ्यावर आला आणि तो आजपर्यंत माझ्यावरच आहे. खरा दोष दोन आरशांचा होता. त्यातला एक माझ्या आईने वळवला होता आणि दुसरा आमच्या जावयांनी. आईला बोलायची सोय नव्हती आणि जावयाला बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणून इतकी वर्षे मी गप्प राहिलो. गप्प राहणे माझ्या स्वभावात नाही, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल.

मी कोंड्याचा व्यापारी. राईस मिलमध्ये धान भरडले की कोंडा निघतो. मिलवाल्याला तो नकोसा असतो आणि गाई-म्हशीवाल्याला हवा असतो. या दोघांच्या मधे उभे राहून मी पोट भरले. आधी सायकलवर पोते बांधून अड्याळच्या आसपासची गावे पालथी घातली, मग भाड्याची बैलबंडी आली, मग भंडाऱ्यात एक गाळा. हे सांगायचे कारण, पुढे जी मोटार येते ती माझ्या कमाईची होती. वडिलांच्या नाही, आणि जावयांच्या तर नाहीच.

ऐंशीचे दशक सरत आले होते तेव्हाची गोष्ट. मोटार मी नागपूरच्या एका ठेकेदाराकडून जुनी घेतली. सौद्याला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसलो. मधे उठून दारापर्यंत गेलो की तो परत बोलवायचा. शेवटच्या वेळी त्याने बोलावले नाही, तेव्हा चपला विसरलो असे सांगून मी स्वतःच परत गेलो. गाडीला बाहेरून उजव्या हाताचा एकच आरसा होता. डावीकडचा आरसा त्या काळी बहुतेक गाड्यांना नसेच. मी तो त्याच्याकडून वर मागून घेतला आणि तिथेच बसवून घेतला. गरज होती म्हणून नाही. काहीतरी वर मागितल्याशिवाय मला सौदा झाल्यासारखे वाटत नाही.

गाडी अड्याळला आली त्याच आठवड्यात जावई पाहायला आले. जावई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी बरीच वर्षे जंगलात सरकारी जीप चालवली होती, त्यामुळे मोटार या विषयावर आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. चहा पिण्याआधीच ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि बाहेरचे दोन्ही आरसे त्यांनी आतल्या अंगाला ओढले.

"आरशात आपल्या दाराचा खटका दिसला पायजे, साळेबुवा," ते म्हणाले. "आपली गाडी दिसली म्हणजे आपण कुठं आहो ते समजते."

मी आरशात पाहिले. काळे दार आणि त्याचा खटका स्वच्छ दिसत होता. मी "हो भाऊजी" म्हणालो. जावयाला दुसरे काय म्हणणार.

हा झाला एक आरसा. दुसरा आतला, काचेच्या वर मधोमध असतो तो. त्याची गोष्ट पहिल्यांदा सगळे मिळून भंडाऱ्याला निघालो त्या दिवशी घडली. पुढे माझ्या शेजारी वडील. मागे आई, लहान बहीण आणि धाकट्या भावाची बायको. आता मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर सून तोंड उघडे ठेवून येत नाही, त्याच्याशी बोलत नाही, तो बसला असेल त्या बाजेला हात लावत नाही. काही सांगायचे असेल तर सासूच्या तोंडून सांगते. तिचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती आणि मी तिचा चेहरा पाहिलेला नव्हता. गावाबाहेर पडताना मागे कोणी येते का म्हणून मी आतल्या आरशात पाहिले, आणि त्यात ती होती. तिनेही त्याच वेळी आरशात पाहिले. तिने पदर इतका खाली ओढला की तिला पुढचे काहीच दिसेनासे झाले असावे, कारण पुढच्या खड्ड्यात तिचे डोके छताला लागले.

"गाडी थांबव," आई म्हणाली. मी थांबवली. "तो मधला आरसा वर कर."

"काहून?"

"कर म्हटलं ना."

"मंग मागचं मले कसं दिसंल?"

"मागं आम्ही आहो ना. आम्ही पाहू."

"तिले पुढं बसवू का?" मी म्हणालो आणि म्हणताच कळले की आपण काय बोललो. भासऱ्याच्या शेजारी! वडील खिडकीबाहेर पाहू लागले. मी लगेच दुसरा भाव सांगितला. "तिले माझ्या बरोब्बर मागं बसव. तिथलं आरशात येत नाही."

"तिथं मी बसते. तिथलाच काच खाली होते."

"मंग आरसा अर्धा वर करतो."

"अर्ध्यात अर्धी सून दिसंल," आई म्हणाली.

मी अनेक मिलवाल्यांना घाम फोडला आहे, पण आईपुढे माझा भाव कधी चालला नाही. आरसा पूर्ण वर झाला. तेव्हापासून त्या आरशात मला छताचे मळके कापड दिसत असे आणि मी सवयीने ते पाहत असे.

आता वरठी. रोवणीचे, म्हणजे धानलावणीचे दिवस होते. आईला आणि सुनेला तिरोड्याला जायचे होते, म्हणून वडील आणि लहान बहिणीसह आम्ही वरठीच्या स्टेशनाकडे निघालो. पोलादाच्या कारखान्याची पाळी सुटली होती आणि रस्ताभर सायकली. स्टेशनाकडे वळायचे म्हणून मी गाडी हळू केली. मधल्या आरशात पाहिले, छत. डाव्या आरशात पाहिले, दाराचा खटका. वळवली. तेव्हा डाव्या अंगाने काहीतरी घासले आणि एक माणूस सायकलीसकट रस्त्याच्या कडेच्या बांधीत गेला. बांधी म्हणजे धानाचे लहान वावर. त्यात गुडघाभर चिखल होता, म्हणून त्याला कोपर खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. सायकलचे पुढचे चाक मात्र वाकले. डबा उघडून भाजी चिखलावर पडली.

तो वर आला. आधी डबा पाहिला, मग मला.

"दिसत नाई का जी?"

"आरशात नाही दिसला."

"मंग आरसा कायले लावला?"

"आतला आरसा बंद आहे."

"आरसा बंद होते?"

"घरचं कारण आहे," मी म्हणालो.

त्याने वाकून गाडीत पाहिले. मागे तीन पदर, पुढे डोळे मिटून बसलेले वडील. मग त्याने तो छताकडे तोंड केलेला आरसा पाहिला. तो लग्न झालेला माणूस असावा. "बरं जी," इतकेच म्हणाला.

पण त्याच्यामागून आलेल्यांना एवढी समज नव्हती. दहा-पंधरा जण सायकली आडव्या लावून उभे राहिले, आणि त्यातला एक म्हणाला, "शेठ, गाडी घेतली तं डोळे बी घ्यायचे होते." मग माझा ताबा सुटला. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. माझे ते बोल त्यांच्यापेक्षा आमच्या घरच्यांनी जास्त लक्षात ठेवले. चाक सरळ करून देण्याचे ठरेपर्यंत आगगाडी स्टेशनातून निघून गेली होती आणि आम्ही आल्या रस्त्याने अड्याळला परतलो.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बैठक बसली. जावईही आले होते. सगळ्यांना माहीत होते की आरसा वर होता. पण ते म्हटले तर सुनेमुळे माणूस पडला असा अर्थ निघतो, आणि सूनच दाराआड उभी होती. बाहेरचे आरसे दारच दाखवत होते हे मला माहीत होते, पण ते लावणारे जावई समोर पान खात होते.

"तापट माणसाच्या हाती मोटार चांगली नाही," जावई म्हणाले. "ड्रायव्हर ठेवा."

वडिलांनी हात पुढे केला आणि मी माझ्या गाडीची किल्ली त्यांच्या हाती दिली. ती त्यांच्या बनियनच्या खिशात गेली. मी विकत घेतलेली गाडी मीच चालवायची नाही, असे ठरले. जावई चालवतील का असे कोणी विचारलेही नाही. जावयाकडून गाडी हाकून घेतली तर गावात सासऱ्याचे नाक राहत नाही.

गाडी अंगणात उभी राहिली. किल्ली नव्हती, पण आरशाला किल्ली लागत नाही. एका दुपारी बायका आत निजल्या असताना मी स्टेअरिंगवर जाऊन बसलो, मधला आरसा खाली केला आणि धाकट्या भावाला सायकल घेऊन गाडीच्या मागून पुढे चालायला लावले.

"कायले फिरवून राहिला मले, दादा?"

"चाल म्हणतो तं चाल."

तो मधल्या आरशात दिसला. मग तिथून गेला. मी डाव्या आरशात पाहिले. खटका. समोरच्या काचेतून पाहिले, तिथेही तो नव्हता.

"कुठं गेला बे?"

"इथंच तं आहो!" त्याने मागच्या दाराची काच वाजवली. त्या जागेत मी माझा सख्खा भाऊ सायकलीसकट हरवला होता. मागच्या चाकापासून पुढच्या दारापर्यंतची ती पट्टी कोणत्याच आरशाची नव्हती.

मी बराच वेळ त्या आरशाकडे पाहत बसलो. वीतभर काच, आणि त्यातली अर्धी माझ्याच दाराने खाल्लेली. मिलवाल्याने अर्धे पोते भुसा घातले तर मी ते त्याच्या अंगावर उलटे करतो, आणि इथे अर्धा आरसा भुसा होता. माझे दार कुठे आहे ते मला माहीत आहे. ते पाहायला मी त्या ठेकेदाराकडे दिवस घालवला नव्हता.

मग मी डोके उजव्या खिडकीच्या काचेला टेकवले आणि उजवा आरसा बाहेर ढकलत गेलो, गाडीची कड नुसती दिसेनाशी होईपर्यंत. डाव्यासाठी गाडीच्या मध्यावर कललो आणि भावाला बाहेरून आरसा फिरवायला लावले. "अजून. अजून. आता बास." सरळ बसल्यावर दोन्ही आरशांत गाडी नावालाही नव्हती. भावाला पुन्हा फिरवले. मधल्या आरशातून गेला की तो बाजूच्या आरशात येत होता, आणि बाजूच्यातून निसटला की सरळ डोळ्याच्या कोपऱ्यात. कुठेच हरवला नाही. उजवीकडूनही तसेच. भाऊ घामाघूम झाला होता, त्याला मी कारण सांगितले नाही.

मग मी मधला आरसा परत छताकडे केला आणि त्याशिवाय किती निभेल याचा विचार केला. अगदी मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवून, दिवे दाखवून, शिव्या देऊन स्वतःच कळवतो. बाजूने येणारी सायकल काही कळवत नाही. तेव्हा ट्रक कानावर सोडायचा आणि आरसे सायकलीला द्यायचे. मधला आरसा असता तर सोन्याहून पिवळे. पण माझ्याकडे होता तेवढ्या मालात मी सौदा बसवला.

हे घरात सांगून उपयोग नव्हता. जावयांनी लावलेले आरसे मी फिरवले एवढेच त्यातून उरले असते. म्हणून मी दुसरी वाट धरली. लहान बहिणीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, सांगडीला ठरले होते, तोपर्यंत ड्रायव्हर हवाच होता. जावई म्हणाले, त्यांच्या ओळखीचा एक पोरगा आहे, कमी पगारात येईल.

"नको," मी म्हणालो. "घरच्या बायका बसतात गाडीत. ड्रायव्हर एक नंबरचा पायजे. पगार लागंल तो लागू दे."

वडिलांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले. "तू महाग माणूस मागून राहिला?"

"हो."

"बरा आहे ना?"

मी भंडाऱ्यात जाऊन मोटारस्टँडवर विचारले की सगळ्यात कटकट्या ड्रायव्हर कोण. सगळ्यांनी एकाच माणसाचे नाव घेतले. तो आधी एका डॉक्टरकडे होता आणि डॉक्टरने गाडीच्या आरशात भांग पाडला म्हणून नोकरी सोडून आला होता. मी त्याला तिथल्या तिथे ठेवले.

साक्षगंधाच्या सकाळी सगळे नटून गाडीत बसले होते. नवीन ड्रायव्हर आला, त्याने काच पुसली, सीट पुढे-मागे केली, हॉर्न वाजवून पाहिला आणि मग हात वर करून मधला आरसा खाली केला. सुनेने पदर ओढला, बहिणीनेही उगाच ओढला.

"भाऊ, तो आरसा वरतंच राहू दे," आई म्हणाली.

"कायले, बाई?"

"आमच्यात चालत नाही."

"आमच्यात आरशाबिगर गाडी चालत नाही."

जावई पुढे झाले. "अरे, बाजूचे आरसे आहेत ना? मी जंगलात जीप चालवली, मधल्या आरशाची गरज नाही पडली कधी."

"जंगलात मागून कोण येते जी?" ड्रायव्हर म्हणाला. "रानडुक्कर?"

जावई लाल झाले. आई म्हणाली, परक्या माणसाने आरशातून सुना पाहायच्या असतील तर ती गाडीतून उतरते. ड्रायव्हर म्हणाला, बाईंनी उतरायची गरज नाही, तोच उतरतो. तो उतरला, किल्ली माझ्या हातात दिली आणि फाटकातून बाहेर पडला. चांगला माणूस होता. त्याला मी दिवसाचा पूर्ण पगार दिला आणि घासाघीस केली नाही.

उन्हे चढत होती. सांगडीला पाहुणे वाट पाहत असणार.

"बस आता, चालव," वडील म्हणाले.

"नाही."

"काहून?"

"दोन अटी आहेत. बाहेरचे आरसे मी लावले तसेच राहतील, कोणी हात लावायचा नाही. आणि किल्ली आजपासून माझ्याजवळ."

"एक मान्य," वडील म्हणाले. व्यापार मी त्यांच्याकडून शिकलो नाही, पण रक्त तेच आहे.

"दोन्ही."

"दादा, चाल ना रे बाप्पा!" बहीण आतून रडकुंडीला आली. "ते लोक वापस जातीन!"

शेवटी जावयांनी तोडगा काढला. जाऊन येईपर्यंत मी गाडी चालवायची, ते पुढे बसतील, आणि त्यांना माझ्या चालवण्यात एक जरी चूक दिसली तर किल्ली परत वडिलांच्या खिशात, कायमची. नाही दिसली तर माझ्याकडे. मी होकार दिला. सौदा वाईट होता, कारण तराजू त्यांच्याच हातात होता. पण गाडी सुरू होत होती.

पुढे मी, मधे वडील, खिडकीशी जावई. लाखनीच्या अलीकडे त्यांचे लक्ष आरशाकडे गेले.

"यात तं शेत दिसते."

"हो, भाऊजी."

"गाडी नाही दिसत."

"गाडीत आपण बसून आहो, भाऊजी."

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. वडिलांनी तो हळूच धरून आत घेतला. "अट आहे जी," ते म्हणाले.

साकोलीच्या आत बाजाराची गर्दी होती. समोरून एक ट्रक रस्त्याचा मध्य धरून आला. कोणीही अशा वेळी डावीकडे सरकेल. मी डाव्या आरशात पाहिले. त्यात कॅरिअरवर कोंबड्यांची टोपली बांधलेला एक सायकलवाला होता, मागच्या चाकाच्या बरोबरीने, मान खाली घालून पायडल मारत होता.

"घे! डावीकडं घे!" जावई ओरडले.

मी घेतली नाही. होतो तिथेच थांबलो आणि हॉर्नवर हात ठेवला. ट्रक दोन हातांवर येऊन थांबला आणि त्याच्या ड्रायव्हरने माझ्या खानदानाची चौकशी केली. मी त्याला सविस्तर उत्तर दिले. तेवढ्यात सायकलवाला जावयांच्या कोपरापासून पुढे निघून गेला. एक कोंबडी टोपलीतून मान काढून खिडकीत पाहत गेली. जावयांनी हात झटकन आत घेतला.

मागून सून आईला हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, सांगा ना त्यांना, डाव्या अंगानं सायकल आहे म्हणून."

"त्यानं केव्हाच पाहिली," आई म्हणाली.

ट्रकवाला मागे सरला, मी पुढे गेलो. साक्षगंध चांगले झाले, जेवणात भजी गार होती. जावई तिथल्या मंडळींना जंगलातल्या रस्त्यांबद्दल सांगत होते. परत येताना ते पुढे बसले नाहीत. पुढच्या खिडकीतून वारा लागतो म्हणाले आणि मागे आईच्या पलीकडे जाऊन बसले. त्यामुळे सुनेला घरापर्यंत पदर आणखी खाली ओढून बसावे लागले.

अड्याळला अंगणात गाडी उभी केली. वडील उतरले आणि सवयीने त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली नाही. त्यांनी जावयांकडे पाहिले. जावई मागच्या दाराचा खटका उघडत नाही म्हणून तो दोन्ही हातांनी ओढत होते, त्यांचे लक्ष नव्हते, किंवा नव्हते असे त्यांनी ठरवले होते. वडिलांनी थोडा वेळ हात तसाच ठेवला, मग तो बनियनच्या खिशात घातला.

"गाडी सावलीत लाव," ते म्हणाले.